शाकाहारी ताट वयाप्रमाणे वाढा

सहा महिन्यांच्या बाळाला वरणाचं पाणी पुरेल का? पालक खाऊनही नववीतल्या मुलीचं हिमोग्लोबिन का वाढत नाही? गरोदरपणी अंडं खाल्लंच पाहिजे का? सत्तरीतल्या सासऱ्यांच्या पायांना मुंग्या येतात, त्याचा जेवणाशी काही संबंध असेल का? शाकाहारी घरांतून येणारे प्रश्न वर्षानुवर्षं हेच आहेत. नाशिक जिल्ह्यात ते जास्तच ऐकू येतात. इथे माळकरी आहेत, जैन कुटुंबं आहेत, चातुर्मास पाळणारी घरं आहेत, आणि ज्यांना मटण-कोंबडी महिन्यातून एखाद्या रविवारीच परवडते, अशी नावाला मांसाहारी पण रोजच्या ताटात शाकाहारी असलेली घरंही पुष्कळ आहेत. या सगळ्यांना उत्तरं मात्र दोनच मिळतात. एक म्हणतं, आपल्या शाकाहारात सगळं काही आहे, काळजी नको. दुसरं म्हणतं, अंडं-मटणाशिवाय अंगात ताकद येत नाही. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत आणि दोन्हींवर विसंबल्याने नुकसान होतं.

खरं उत्तर असं आहे: वनस्पतिजन्य आहार तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत प्रत्येक वयाला पुरू शकतो, पण तो आपोआप पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.९ टक्के होतं, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ६८.९ टक्के. हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहा. स्वयंपाकघर एकच, चूल एकच, भाजी एकच, आणि तरी बाई आणि मूल पुरुषाच्या कितीतरी पुढे. राज्यात मांसाहारी घरंच जास्त आहेत, म्हणजे दोष एकट्या शाकाहारावर ढकलता येत नाही. अडचण अशी की घरात एकच ताट सगळ्या वयांना वाढलं जातं, आणि ते बहुधा घरातल्या तरण्या पुरुषाला पुरेल असं असतं. ज्याला रक्तक्षयाचा धोका सर्वांत कमी, त्याच्या मापाने ताट ठरतं. म्हणून हा लेख वयाप्रमाणे लिहिला आहे. तुमच्या घरात ज्या वयाची माणसं आहेत, तो भाग नीट वाचा. मात्र त्याआधीचा हिशेब आणि बी-१२चा भाग सगळ्यांनीच वाचायचा आहे.

आधी एका दिवसाचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. आता आपल्या घरात ती येतात कुठून ते मोजा. बाजरीच्या दोन भाकऱ्यांचं शंभर ग्रॅम पीठ ११ ग्रॅम देतं. गव्हाच्या दोन पोळ्या पाच, मूठभर तांदळाचा भात चार. तीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण साडेसहा, तेवढ्याच मटकीची उसळ सहा, मूठभर शेंगदाणे सात आणि पाव लिटर दूध आठ. एवढं सगळं पोटात गेलं तर हिशेब जमतो. पण बहुतेक घरांत वरण पातळ असतं, एका वाटीत जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ असते, उसळ आठवड्यातून एकदा होते आणि दूध चहात जातं. मग ४६ ग्रॅमचे २५-३० होतात. पोट मात्र भरलेलं असतं, त्यामुळे कमतरता कोणाच्या लक्षात येत नाही.

शाकाहारी प्रथिनं ‘अपूर्ण’ असतात, हा आक्षेप तुम्ही ऐकला असेल. त्यात तथ्य एवढंच, की धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत मेथिओनिन. भाकरी-डाळ एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ती एकाच घासात यावी लागतात असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं. याच संस्थांनी त्यासाठी कच्च्या वजनात तीन भाग धान्य, एक भाग डाळ-कडधान्य आणि अडीच भाग दूध असं प्रमाण सांगितलं आहे. तेव्हा शाकाहारी घराने पहिली गोष्ट करायची ती ही, की डाळीचा वाटा वाढवायचा आणि वरण घट्ट करायचं. याला मोठा खर्च नाही. पेठ-सुरगाण्याकडे नागलीच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ खातात, निफाड-सिन्नरकडे हुलग्याचे शेंगोळे होतात, घरोघरी मटकी मोड आणून ठेवतात. ही सगळी जेवणं या प्रमाणाच्या जवळ जाणारी आहेत. नाशिकच्या मिसळीतसुद्धा मटकी हा सर्वांत चांगला भाग आहे. पाव आणि शेव कमी घ्या, मटकी दुप्पट मागा.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. ते नुसतं ताटात असून भागत नाही, अंगी लागावं लागतं. वनस्पतींमधलं लोह शरीर कमीच शोषतं आणि किती शोषणार, हे त्या जेवणात आणखी काय आहे यावर ठरतं. पालक खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही त्याचं कारण हेच. पालकात लोहाला अडवणारे घटक असतात, आणि जेवण होताच चहा आला तर उरलेली संधीही जाते. त्यामुळे लोह वाढवण्याआधी त्याची सोबत सुधारा:

- जेवताना कच्चं आंबट काहीतरी हवंच: लिंबाची फोड, आवळा, पेरू, टोमॅटोची कोशिंबीर, वरून घातलेली कोथिंबीर. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. आपल्या द्राक्षांत ते फारच थोडं आहे, तेव्हा द्राक्षं आवडीने खा, पण या कामासाठी पेरू आणा.
- जेवणाआधी तासभर आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको.
- कडधान्यं भिजवून, मोड आणून किंवा आंबवून खा. लोह अडवून धरणारं फायटेट त्याने कमी होतं.
- पालकापेक्षा राजगिरा, शेवग्याचा पाला, मेथी यांना जास्त वेळा आणा. त्यांत कॅल्शियमही कितीतरी अधिक आहे.

कॅल्शियमच्या बाबतीत जिल्ह्याच्या पश्चिम भागाकडे खजिनाच आहे. शंभर ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात साधारण १२०. प्रौढाची रोजची गरज हजार मिलिग्रॅमची. दोन नागलीच्या भाकऱ्या, दोन चमचे तिळाची चटणी, एक वाटी दही आणि राजगिऱ्याची भाजी एवढ्यात ती गाठता येते. दूध न घेणाऱ्यांनीही यातलं दही सोडून बाकीचं वाढवलं आणि कॅल्शियम घातलेलं सोयादूध घेतलं, तर अडत नाही. बदाम किंवा नारळाच्या ‘दुधा’त मात्र प्रथिनं नगण्य असतात, ते दुधाची जागा घेऊ शकत नाही.

बी-१२: जिथे स्वयंपाकघराचा इलाज चालत नाही

या एका गोष्टीबाबत शाकाहाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सर्वांत जास्त स्पष्ट राहिलं पाहिजे. बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. जनावरांच्या मांसात, दुधात आणि अंड्यात ते उतरतं, पण वनस्पतींमध्ये भरवशाने मिळत नाही. इडली, ताक-भाकरीची आंबील, मोडाची कडधान्यं, स्पिरुलिना यांपैकी काहीही बी-१२साठी धरून चालू नका. दुधात ते आहे, पण थोडं. प्रौढाची रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आहे आणि ती दुधातून भागवायची तर रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात जायला हवं. चहातल्या दुधाने ते होत नाही.

हा प्रश्न आपल्याच राज्यात किती खोल आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये त्यांनी मातांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला प्रतिसाद सर्वांत कमी आढळला, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट. याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या मातांनी गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाल्लं, त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली होती. एकाच अभ्यासातून साध्या शाकाहारी अन्नाचं बळ दिसतं आणि त्याची एक ठळक उणीवही दिसते. दोन्ही मान्य करायला हव्यात.

‘आमच्या आजी-पणजीने कुठे गोळ्या घेतल्या?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. त्यांच्या रक्तातलं बी-१२ कोणी मोजलं नव्हतं, हे त्याचं पहिलं उत्तर. हातापायांची आग, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं, चालताना तोल जाणं हे सगळं तेव्हा वयाच्या नावावर खपून जायचं. आणि ज्यांच्या दारात गाई-म्हशी होत्या, त्यांच्या पोटात दूध-दही-ताक आजच्या पिशवीच्या दुधापेक्षा बरंच जास्त जायचं. दुसरा आक्षेप असतो, की गोळी ‘कृत्रिम’ आहे आणि कदाचित शाकाहारी नसेल. बी-१२ कारखान्यातही जिवाणूंच्या आंबवणीतूनच बनतं, त्यासाठी प्राणी लागत नाही. कॅप्सूलच्या आवरणात जिलेटिन असू शकतं. नको असेल तर साधी गोळी किंवा चघळायची गोळी मागा.

- दूध-दही भरपूर घेत असाल तरी दोन-तीन वर्षांतून एकदा बी-१२ तपासून घ्या.
- दूधही घेत नसाल तर प्रौढांनी रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम घ्यावं, असं सर्वसाधारणपणे सुचवलं जातं. शरीर एका वेळी थोडंच शोषतं, म्हणून आठवड्याची मात्रा एवढी मोठी असते.
- रक्तात ते २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ही मात्रा पुरणार नाही. तिथे डॉक्टरांचा उपचार लागतो, कधी इंजेक्शनही.
- फक्त फॉलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्तातली खूण झाकली जाते आणि मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं.

गरोदरपण आणि बाळंतपण

अंडं खाणं सक्तीचं नाही. खात असाल तर जरूर खा. खात नसाल तर त्याऐवजी काय, हे पहिल्या तिमाहीतच ठरवा. बी-१२ची तपासणी शक्यतो दिवस राहण्याआधीच करून घ्या, कारण डॉक्टर फॉलिक ॲसिड तर सुरू करणारच आहेत आणि पुण्याच्या अभ्यासातली धोक्याची जोडी नेमकी तीच होती. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस मोफत मिळते. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा. या दोन गोळ्या एका वेळी घेऊ नका. कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीने मळमळतं म्हणून ती उशीखाली जाते, हे घरोघरी घडतं. रात्री झोपताना लिंबू-पाण्याबरोबर घेऊन पाहा, तरी त्रास झाला तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, बंद करू नका. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या बायकांनी लोह डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी आधी होणं गरजेचं आहे.

बाळंतिणीच्या पथ्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अळीव, डिंक, मेथी, खोबरं, खारीक या लाडवांच्या परंपरेत शहाणपण आहे. पण त्याच घरात डाळ वातूळ, पालेभाजी थंड, फळं बाधतात म्हणून सव्वा महिना बाईला तूप-भात आणि सुंठ-गूळ एवढ्यावर ठेवलं जातं. अंगावर पाजणाऱ्या आईची प्रथिनांची आणि कॅल्शियमची गरज गरोदरपणाइतकीच मोठी असते. मुगाची डाळ, दुधी, राजगिऱ्याची भाजी, पपई-पेरू यांनी बाळाचं पोट दुखत नाही. आणि आईच्या अंगात बी-१२ नसेल तर दुधात उतरणार कुठून? निव्वळ आईच्या दुधावर असलेलं बाळ चार-सहा महिन्यांनंतर सुस्त होऊ लागलं, हसणं कमी झालं, धरलेली मान पुन्हा सैल पडली, बोटांच्या पेरांवर काळसरपणा आला किंवा अंग थरथरू लागलं, तर वाट पाहू नका. आई आणि बाळ दोघांचीही बी-१२ची तपासणी त्याच दिवशी मागा. वेळेत उपचार झाला तर मूल झपाट्याने सुधारतं, उशीर झाला तर काही गोष्टी मागे राहतात.

सहा महिने ते दोन वर्षं

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतरची चूक जवळजवळ सगळीकडे सारखी आहे: वरणाचं पाणी, भाताची पेज, भाज्यांचं सूप. बाळाचं पोट मुठीएवढं असतं, ते पाण्याने भरलं की अन्नाला जागा राहत नाही, आणि डाळीतलं जे हवं आहे ते भांड्याच्या तळाशीच राहतं. तीन भाग तांदूळ किंवा नागली, एक ते दीड भाग मूगडाळ, मऊ शिजवलेली, गाळलेली नाही तर कुस्करलेली, वर चमचाभर तूप किंवा तेल. चमचा तिरका केला तर लगेच ओघळू नये, इतकी घट्ट. सुरुवातीला अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी आणि मध्ये खाऊ. नागलीचं सत्त्व चांगलंच, पण फडक्यातून गाळून चोथा टाकला की पुष्कळसं पोषणही जातं. नागलीला मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर खीर गाळावी लागत नाही. मोडांमुळे ती शिजल्यावर चिकट गोळा न होता सैल राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं.

वर्षाच्या आत मध, साखर, मीठ नको. गाईचं दूध मुख्य अन्न म्हणून नको. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध नको, कारण दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. गुबगुबीत, दुधावर वाढलेलं आणि तरी पांढरंफटक मूल याच चुकीतून तयार होतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. दूधसुद्धा पूर्ण वर्ज्य करून मूल वाढवायचं असेल तर ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा. या वयात अंदाजाला जागा नाही.

शाळेतली मुलं आणि वयात येणाऱ्या मुली

शाळेच्या डब्यात पोळी-बटाटा, पोळी-जॅम, इन्स्टंट नूडल्स यांची पाळी असते. डबा बदलायचा सोपा नियम एकच: रोजच्या डब्यात एक डाळीची, दाण्याची किंवा दुधाची गोष्ट हवी. मुगाचं धिरडं, थालीपीठ आणि दही, मटकीची उसळ, शेंगदाण्याची पोळी, सोयाबीनच्या वड्यांचा पुलाव. सोयाबीनने मुलांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो, ही भीती निराधार आहे. नेहमीच्या जेवणाइतकं सोयाबीन खाण्यात धोका आढळलेला नाही.

मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की तिची लोहाची गरज एकदम वाढते, दिवसाला तीस मिलिग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे बापाच्या दीडपटीहूनही जास्त. आणि याच वयात ती वजनाच्या धास्तीने जेवण कमी करते, सोमवार-एकादशी धरते, क्लासला जाताना वडापाव खाते. उपास धरायचा तर साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, दही, पेरू असं काही खायला घाला. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी आणि फेब्रुवारी-ऑगस्टमधली जंतनाशक गोळी चुकवू देऊ नका. पाळीला जास्त जात असेल तर आहाराच्या मागे न लागता आधी डॉक्टरांना दाखवा.

तिशी ते साठी

कमावत्या वयातल्या पुरुषांना कमतरतेपेक्षा जास्तीचा त्रास होतो. शाकाहारी असणं म्हणजे मधुमेहापासून सुटका, असं नाही. पोळी, भात, बटाटा, फरसाण, गोड चहा हे सगळं शाकाहारीच आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने कामाला जाणाऱ्यांनी डब्यात एक पोळी कमी करून एक वाटी उसळ वाढवली, तरी साखर आणि वजन दोन्हींवर फरक पडतो. ‘शुद्ध’ म्हणून फक्त सैंधव वापरणाऱ्या घरांनी रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच ठेवावं. पाळी गेलेल्या बायकांची कॅल्शियमची गरज बाराशे मिलिग्रॅमपर्यंत जाते, नागली-तिळाचा आग्रह त्यांच्यासाठी आहे.

साठीनंतर

म्हातारपणी भूक कमी होते, दात जातात, एकट्यासाठी स्वयंपाक नकोसा होतो, आणि रात्रीचं जेवण चहा-खारीवर किंवा दूध-भातावर येतं. ‘या वयात काय लागतं?’ असं घरातलेही म्हणतात. उष्मांक कमी लागतात हे खरं, पण प्रथिनांची गरज तीळभरही कमी होत नाही. ती भागली नाही तर मांड्यांचे स्नायू झडतात, उठता-बसता आधार लागतो, पडणं वाढतं. म्हणून या वयाचं जेवण थोडं, मऊ, पण डाळीचं असावं: हुलग्याचं पिठलं, मुगाचं मऊ धिरडं, पनीर किंवा टोफू कुस्करून, नागलीची आंबील ताक घालून, खुरासणीची किंवा तिळाची चटणी भाकरी कुस्करून. बी-१२ची बाब इथे सर्वांत नाजूक आहे. वयाने पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटून येत नाही. मांसाहारी ज्येष्ठांनाही ही कमतरता होते, शाकाहारी ज्येष्ठांना तर दुहेरी. मुंग्या, तोल जाणं, विसर पडणं यांना वय किंवा मधुमेह म्हणून सोडून देण्याआधी तपासणी करून घ्या.

घरातल्या औषधांच्या डब्याकडेही एकदा बघा:

- मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही तेच होऊ शकतं. वर्षातून एकदा बी-१२ तपासा.
- थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेतली की लोह, कॅल्शियम आणि सोयाबीन काही तास लांब ठेवा.
- रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण रोजचं प्रमाण एकसारखं ठेवायचं.
- मूत्रपिंडाचा आजार असेल तर या लेखातलं डाळीचं प्रमाण लागू करू नका. तुमचं माप तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

विकत घेताना आणि हक्काचं मागताना

हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. दूधही नको असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे छापलेली ‘व्ही’ची खूण बघा. निळी ‘+एफ’ची खूण म्हणजे जीवनसत्त्वं-खनिजं मिसळलेलं अन्न. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळलेले असू शकतात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात, शंभरात साधारण एक, रंगाने जरा वेगळे, भिजवल्यावर वर तरंगणारे. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून बायका ते निवडून फेकतात. तसं करू नका. तांदूळ खळखळून चार-चार पाण्यांनी धुऊही नका. मात्र त्यातलं बी-१२ किलोमागे एक मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येणार नाही. ‘ताकद देणाऱ्या’ पावडरींच्या डब्यावर मागच्या बाजूला साखर किती ते वाचा. बहुतेकदा त्या पैशात महिनाभराचे शेंगदाणे आणि फुटाणे येतात.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे गरोदर बाईला, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या मातेला आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा हक्क आहे. शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाच्या ताटात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या ताटात ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असलीच पाहिजेत. वाटीत डाळीचं नुसतं पिवळं पाणी येत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत हा आकडा दाखवून बोला. पेठ, सुरगाणा, कळवणसारख्या अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि मुलांना अंडी मिळतात, शाकाहारी मुलांना केळी. केळं घ्या, पण ते अंड्याची जागा भरत नाही हे लक्षात ठेवा. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम एक. त्या दिवशी मुलाला घरी दाण्याच्या कुटाचा लाडू किंवा वाटीभर उसळ जास्त द्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही बघतात. स्त्रीचं १२च्या खाली, गरोदर बाईचं ११च्या खाली आणि पुरुषाचं १३च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे, ‘थोडंसं कमी’ नाही.

हक्काचा आहार मिळाला नाही तर आधी अंगणवाडी पर्यवेक्षिकेकडे लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्या वर राज्य अन्न आयोग आहे. अन्न मिळालंच नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूद याच कायद्याच्या आठव्या कलमात आहे. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येणाऱ्या कुटुंबांना तर हे मुद्दाम सांगायला हवं, की गाव सोडलं म्हणून मुलाचा किंवा गरोदर बाईचा आहार सुटत नाही. जिथे मुक्काम, तिथल्या अंगणवाडीत नाव लावता येतं आणि ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर जुन्या अंगणवाडीतून ते हलवताही येतं. निघताना गावच्या अंगणवाडीताईंना सांगा, आधारकार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या. आणि तुमच्या बागेवर अशी कुटुंबं उतरली असतील, तर छाटणी सुरू होण्याआधी त्यांच्या लेकरांची नावं जवळच्या अंगणवाडीत स्वतः नेऊन द्या.